चोवीस तास हलवू नका

मित्रांनो, जुनी मी आहेच, पण फुटलेली नाही. काचेची नळी आहे, बोटाएवढी जाड आहे आणि माझ्या अंगावर बारा रेघा आहेत. रेघांच्या वर दोन इंग्रजी अक्षरे कोरली आहेत. खाली यू, त्याच्या वर आर. यूपर्यंत माणसाची लघवी भरतात, आरपर्यंत पिवळे औषध. मग बूच लावून मला बारा वेळा हळूच उलटसुलट करतात आणि उभी करून ठेवतात. चोवीस तास. त्या चोवीस तासांत मला कोणी हात लावायचा नसतो.

हसून घ्या. लघवी म्हटले की सगळेच हसतात. वाशीमच्या बाजारात तर मोठमोठ्या बायका हसायच्या.

आता ऐका. आपल्या रक्तात अंड्यातल्या पांढऱ्यासारखे एक सत्त्व असते. डॉक्टर त्याला अल्ब्युमिन म्हणतात. पाठीच्या दोन बाजूंना दोन मूत्रपिंडे असतात, ती रक्त गाळतात. गाळणी धड असेल तर सत्त्व रक्तात राहते. गाळणीला इजा झाली की ते लघवीत उतरू लागते. माझ्यातले पिवळे औषध त्याला पकडते आणि चोवीस तासांत ते साकळून तळाशी बसते. तळापासून किती रेघा चढले, तेवढे वाचायचे. माणूस किती आजारी आहे ते त्या रेघेवर कळते.

माझे आयुष्य वर्षांनी मोजता येत नाही. ते रेघांनी मोजावे लागते. म्हणून मी तसेच सांगते.

एक

बांगड्या डझनाने येतात. मी एकटी आले.

१९५३ साली मी मुंबईहून अकोल्यापर्यंत रेल्वेने आणि तिथून वाशीमपर्यंत मोटारीने आले. त्याआधीचे फारसे आठवत नाही. भट्टीतला लालपणा आठवतो, आणि माझ्या अंगावर रेघा कोरणारी बारीक सुई.

खोका उघडला तो दिलावर मणियार यांनी. त्यांचे बांगड्यांचे दुकान होते आणि काच त्यांना कळत असे. त्यांनी मला पेंढ्यातून काढले, कानाशी धरले आणि नखाने टिचकी मारली. मी वाजले.

"साबूत हाये," ते म्हणाले. "बानो, तुही काच आली."

बानो म्हणजे त्यांची मुलगी, डॉक्टर हुस्नाबानो. नागपूरला शिकून ती गावी परतली होती. वडिलांच्या दुकानाच्या अर्ध्या भागात तिने दवाखाना मांडला होता. मध्ये एक पडदा. पलीकडे बांगड्या, अलीकडे औषधे.

"एकच आनली काहून?" दिलावर म्हणाले.

"एकच मिळाली, अब्बा."

"एकटी काच लवकर फुटते, बेटा. सांभाय."

तिने मला सांभाळले. कोपऱ्यात, जिथे वारा येत नव्हता आणि कोणाचा पदर लागत नव्हता, अशा फळीवर लाकडी घोडी ठेवून तिच्यात मला उभे केले. मागच्या भिंतीवर कागद चिकटवला. त्यावर मराठीत आणि उर्दूत लिहिले होते: चोवीस तास हलवू नका.

कागद वाचून लोक माझ्यापासून लांब उभे राहू लागले. ज्यांना वाचता येत नव्हते, तेही इतरांचे पाहून लांबच उभे राहिले.

हुस्नाबानोच्या डोक्यात एक प्रश्न होता. पावसाळ्यात आसपासच्या खेड्यांत आणि बंजाऱ्यांच्या तांड्यांत खरजेची साथ येई. फोड पिकत, निंबाच्या पाल्याने धुतले की सुकत आणि लोक ते विसरून जात. मग दोन-तीन आठवड्यांनी त्यांच्यातल्याच एखाद्याचे तोंड सुजे आणि लघवी चहासारखी होई. लोक म्हणत, बाहेरचे लागले. हुस्नाबानो म्हणे, फोडांचे विष आत जाऊन गाळणी बिघडवत असेल का? आणि सूज दिसायच्या आधीच लघवीत सत्त्व उतरते का? उतरत असेल, तर तोंड सुजायची वाट पाहायलाच नको.

हे शोधायला फोड झालेल्या माणसांची लघवी आठवड्यामागून आठवडा तपासायला हवी होती. आणि नळी एकच, म्हणजे एका दिवसात एक माणूस. तिने एक जाड वही केली. प्रत्येक आजाऱ्याला क्रमांक दिला.

बांगड्या भरायला आलेल्या बायका पडदा सारून डोकावत.

"अवं पाह्य, बांगडीवाल्याची पोरगी मूत मोजून राह्यली!"

"मोजू दे वं. तिले घरी दुसरं काय हाये? ना पोर, ना सासू."

पडद्याआड हुस्नाबानोचा हात वहीवर थांबे. तेवढेच. मग ती पुढचा आकडा लिही. तो थांबलेला हात फक्त मी पाहत असे, आणि मी तर तशीही हलत नव्हते.

आठ

पुढच्या वर्षीच्या भादव्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस होता. आसेगावजवळच्या एका तांड्यावरून लखीराम नावाचा तरुण आपल्या बायकोला बांगड्या भरायला घेऊन आला. तिचे नाव चतुराबाई.

बांगडी चढवायच्या आधी हात दाबून मऊ करावा लागतो. दिलावरांनी तिचा हात दाबला आणि सोडला. त्यांच्या अंगठ्याचा खळगा तिच्या हातावर तसाच राहिला. त्यांनी पुन्हा दाबला. दुसरा खळगा पडला.

त्यांनी बांगड्या खाली ठेवल्या.

"पोरी, या हातात काच नाई चढाची. अगोदर पडद्याआड जा."

"काहून बाबा?" लखीराम म्हणाला. "आमी बांगड्या भराले आलो, डाक्टरकडं नाई."

"बांगडीवाला मी हावो का तू? जा म्हन्लं तं जा."

हुस्नाबानोने तिच्या पापण्या पाहिल्या, पाय पाहिले. मग विचारले, "अंगावर फोड आले होते का?"

"आलते, बाई. पोयाच्या अगोदर. सुकले बी."

हुस्नाबानोने वहीत लिहिले: क्रमांक ४१. चतुराबाई लखीराम. वय वीस. फोडांनंतर अठरा दिवसांनी सूज.

तिने मला भरले. चतुराबाईचे पाणी गडद होते आणि त्यावर फेस होता. फेस जिरायला वेळ लागला. मग बूच, मग बारा वेळा उलटसुलट, मग फळी.

(इथे चोवीस तास.)

आठ.

"मीठ बंद," हुस्नाबानोने सांगितले. "पडून राहायचं. सुया मी देते. आणि दर बाजाराला लघवीची बाटली पाठवायची. बाटलीवर हा एक्केचाळीसचा कागद राहील, तो काढायचा नाही."

"मिठाबिगर भाकर कशी उतरन, बाई?"

"उतरव. आत गाळणी फाटली आहे. तिला सांधायला वेळ दे."

लखीरामने सांगितले तसे केले. दर बाजाराला तो बाटली घेऊन येई. आठ बरेच बाजार टिकले, मग सात आले. मग सहा. हुस्नाबानो दर वेळी मला खिडकीच्या उजेडात धरी आणि रेघ वाचून मान हलवी. ती मान माझ्याकडे पाहून हलत असे, असे मला वाटायचे. एकटे असले की असे काही वाटून घ्यायची सवय लागते.

मग कापूस फुटला. लखीराम वेचणीच्या टोळीबरोबर कारंज्याकडे निघून गेला.

काहीच नाही

पुढच्या बाजाराला बाटली घेऊन आला तो लखीरामचा बाप, देवला. उंच, वाळलेला म्हातारा, डोक्याला लाल पागोटे. त्याने बाटली टेबलावर ठेवली. एक्केचाळीसचा कागद जागेवर होता.

"सून कशी आहे?" हुस्नाबानोने विचारले.

"बरी हाये म्हन्ते बुढी."

"तोंडावरची सूज?"

देवलाने भिंतीकडे पाहिले. "उतरली असन."

तो भिंतीकडे पाहत होता हे मी पाहिले. हुस्नाबानो बाटलीकडे पाहत होती. बाटलीतले पाणी स्वच्छ होते. फेस नव्हता.

(चोवीस तास.)

माझ्या तळाशी काही बसले नाही. कणभरही नाही.

तिने मला खिडकीत धरले, फिरवले, पुन्हा धरले. मग पडदा सारून ती ओरडली, "अब्बा, एक्केचाळीस नंबर साफ!"

"कोन वं?"

"तीच. जिच्या हातात बांगडी चढली नाही ती."

"मंग हिरव्या काढून ठेवतो तिच्यासाठी," दिलावर म्हणाले. त्यांनी खरोखरच काढून ठेवल्या.

मित्रांनो, मला माहीत होते. दहा वेळा त्या बाईचे पाणी माझ्यात उभे राहिले होते. आठ दिवसांत सहाचे शून्य होत नाही. पण मी काच आहे. किती, एवढेच मला सांगता येते. कोणाचे, ते माझ्या अंगावर कुठे कोरलेले नाही.

आणि हुस्नाबानोला ते शून्य फार हवे होते. शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांना तिने आपल्या प्रश्नाबद्दल लिहिले होते. त्यांचे दोन ओळींचे उत्तर आले होते: एका नळीवर संशोधन होत नसते, दोनशे रुग्ण झाले की कळवा. तिच्याकडे पन्नासही नव्हते. त्या दिवशी तिने त्यांना पुन्हा पत्र लिहिले. फोडांनंतर बिघडलेली गाळणी विश्रांतीने आणि मीठ तोडल्याने अडीच महिन्यांत पूर्ण बरी होते, उदाहरण क्रमांक ४१.

देवला निकालासाठी थांबला होता. त्याच्याबरोबर तिने निरोप धाडला. चतुराबाईने आता मीठ खायला हरकत नाही. हळूहळू कामही करावे.

पुढच्या बाजाराला पुन्हा बाटली आली. पुन्हा चोवीस तास. पुन्हा काहीच नाही.

वाचता न आलेली रेघ

तिसऱ्या बाजाराला देवलाने बाटली ठेवली, पण तो खाली बसला नाही.

"बाई, सून उठत नाई."

"कधीपासून?"

"चार रोज झाले. बुढी म्हन्ते, डोये उघडत नाई तिचे."

"उघडत नाहीत म्हणजे? सुजलेत का?"

"मले काय मालूम?"

"देवलाबाबा, तुम्ही एकाच घरात राहता ना?"

म्हाताऱ्याचा आवाज खाली गेला. "बाई, म्या तिचं तोंड कवा पाह्यलं? लगन होऊन चार साल झाले. घुंगट हाये तिचा. मी आंगनात आलो का ते घरात जाते. मी घरात गेलो का ते आंगनात."

"पण सूज उतरली असं तुम्हीच सांगितलंत!"

"बुढीनं सांगतलं ते म्या सांगतलं."

हुस्नाबानोने त्याच क्षणी बाटलीतली थोडी लघवी साध्या परीक्षानळीत घेतली आणि दिव्यावर उकळली. सत्त्व असते तर दुधाळ झाली असती. झाली नाही. स्वच्छ राहिली.

मग तिने माझ्याकडे पाहिले. दीड वर्षात पहिल्यांदा तिच्या नजरेत संशय होता.

"अब्बा," ती म्हणाली, "ही वाजवून पाहा. कुठे तडा गेला का हिला?"

दिलावरांनी मला कानाशी धरले. टिचकी मारली.

"साबूत हाये."

"मग लघवी साफ आणि बाई सुजलेली, हे कसं? गाळणी चांगली असेल तर सूज कशाची? हृदयाची?" ती स्वतःशीच बोलत होती. वहीचे पान उघडून तिने क्रमांक ४१ वर आडवी रेघ मारायला लेखणी टेकवली. ती रेघ मारली गेली असती, तर चतुराबाईला गाळणीऐवजी हृदयाचे औषध गेले असते.

"काचेले इचारून काय होते, बेटा?" दिलावर म्हणाले. "हात पाह्य तिचा. म्या हातच पाह्यला होता."

तिने लेखणी ठेवली. दिलावरांनी मला बांगड्यांच्या डब्यात पेंढा घालून बांधले. हुस्नाबानो, देवला आणि मी मोटारीने आसेगावपर्यंत गेलो, तिथून देवलाच्या बंडीने तांड्यावर.  

अकरा

झोपडीत चतुराबाई गोधड्यांना टेकून बसली होती, कारण आडवे झाले की तिचा दम कोंडत होता. तोंडावर घुंगट होता. हुस्नाबानोने तो वर केला. डोळ्यांच्या जागी दोन चिरा उरल्या होत्या. हुस्नाबानोने तिचा हात दाबला. खळगा पडला आणि भरेचना.

देवलाची बायको सुंदरबाई चुलीपाशी उभी होती. तांड्यावर आईला याडी म्हणतात. हुस्नाबानोही तिला तसेच म्हणे.

"याडी, हिची लघवी आत्ता पाहिजे मला."

"परवाच तं भरून देल्ली बुढ्यापाशी."

"ती साफ निघाली. तिन्ही वेळा साफ निघाली."

"साफच निंघन!" सुंदरबाई जरा अभिमानानेच म्हणाली. "मले काय रोग हाये?"



"ती तुमची होती?" हुस्नाबानोने हळू विचारले.

"मंग? सासऱ्याच्या हाती सुनेचं मूत द्याचं काय वं बाई? लाज हाये का नाई आमाले? लखीराम होता तवा गोष्ट अलग. तो धनी तिचा. तो गेला, मंग म्या भरली. काय फरक पडते? एका चुलीचं खातो, एका हिरीचं पेतो. माह्यं काय न तिचं काय."

 हुस्नाबानो चतुराबाईजवळ जमिनीवर बसली.

"मीठ खाल्लंस?"

"तुमी सांगतलं म्हून खाल्लं, बाई," फुगलेल्या ओठांतून आवाज आला. "लय दिसानं भाकर गोड लागली."

आता सुंदरबाईला कळले. ती चुलीपाशीच मटकन बसली. "म्या मारलं का वं हिले?"

"नाही, याडी. बाटली कोणाची, हे मी विचारलंच नाही. आकडा पाहिला आणि खूश झाले."

औषध द्यायला ती माझ्यासाठी थांबली नाही. सुई दिली, मीठ काढून घेतले, पाणी मोजून द्यायला सांगितले. मग चतुराबाईने स्वतःच्या हाताने बाटली भरली आणि मला भरण्यात आले. तोच गडदपणा, तोच फेस. मी त्याला ओळखले.

झोपडीत मला उभे करायला घोडी नव्हती. सुंदरबाईने पितळी गंजात, म्हणजे पातेल्यात, ज्वारी भरली आणि मला ज्वारीत रोवले. गंज अंगणातल्या ओट्यावर ठेवला. चोवीस तास हलवायचे नाही, हे हुस्नाबानोने सांगितल्यावर देवला काठी घेऊन माझ्याजवळ बसला. बकऱ्या ज्वारीच्या वासाने येत, तो त्यांना हाकली. माणसेही येत.

"देवला, हे बाटली काय करून राह्यली?"

"उभी हाये."

"आन तू?"

"मी बसलो. तू बी बस, पन तिकडं. हलवशीन."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात चोवीस तास हजारदा आले असतील. तेवढे एकदाच मी एकटी नव्हते. मला कोणी हात लावत नव्हते हे खरे, पण सगळा तांडा माझ्याभोवती गोल बसला होता आणि माझ्या तळाकडे पाहत होता. आतून चतुराबाईचा श्वास ऐकू येई. तो अडकला की सगळे दाराकडे पाहत. सुरू झाला की पुन्हा माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी हुस्नाबानोने मला ज्वारीतून उपसले आणि उन्हात धरले. तळाचा साका अकराव्या रेघेला टेकला होता.

सुंदरबाई जवळ आली. "हे एवढं सारं तिच्या आंगातून चाल्लं?"

"हो."

"न माह्यं काहीच नोह्तं?"

"काहीच नव्हतं."

सुंदरबाईने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. एका चुलीचे खाणाऱ्या दोन बायका आतून वेगळ्या असतात, हे त्या म्हातारीला त्या दिवशी माझ्यात दिसले.

हुस्नाबानो चार दिवस तांड्यावर राहिली. चतुराबाईचा दम थांबला, तेव्हा निघाली. निघताना देवलाला म्हणाली, "बाटली तिच्या हातातून तुमच्या हातात. मध्ये कोणी नाही. आणि तिचं तोंड पाहून यायचं. सूज आहे की नाही ते मला तुमच्या तोंडून कळलं पाहिजे."

"सासऱ्यानं तोंड पाहाचं?" सुंदरबाई पुटपुटली.

देवला खाली पाहत होता. "बाटली आनीन," तो म्हणाला.

तोंडाचे काही बोलला नाही.

नऊ, नऊ, सहा, चार

बाटली त्याने आणली. प्रत्येक बाजाराला आणली. पिशवीत टाकून नव्हे, हातात धरून. एकदा मोटारीत शेजारच्या माणसाने विचारले, "बुढ्या, काय हाये बाटलीत? दारू?" देवलाने आम्हाला येऊन सांगितले, "म्या म्हन्लं, सुनेचं मूत हाये. तुह्या बापाचं काय जाते?" पडद्यापलीकडे दिलावर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"तिच्याच हातची?" हुस्नाबानो दर वेळी विचारी.

"तिच्याच हातची."

"तोंड?"

देवला भिंतीकडे पाही. "बुढी म्हन्ते, उतरून राह्यली."

मग हुस्नाबानो दर पंधरा दिवसांनी स्वतः तांड्यावर जाई आणि तोंड पाहून येई. येताना अंधार पडे, आणि एकटी बाई बंडीतून येते म्हणून गावात आणखी एक विषय झाला.

वहीत तिने तीन नवे रकाने आखले. बाटली कोणी भरली. कोणी आणली. तोंड कोणी पाहिले. क्रमांक ४१ च्या पानावर आपली चूकही लिहिली, मिठाच्या निरोपासकट. ते सगळे उतरवून तिने शहरातल्या त्या डॉक्टरांना पाठवले. या वेळी उत्तर तीन ओळींचे होते. काम बरे आहे, छापता येईल. आकडे ठेवावेत. ते तीन रकाने काढून टाकावेत, शास्त्रात असे रकाने नसतात.

तिने ते काढले नाहीत. म्हणून तिचे काम छापलेही गेले नाही. पत्र तिने वहीतच ठेवले आणि त्या दिवशी मला नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतले.

काहीच नाही

होळी होऊन गेली. लखीराम कामावरून परतला होता. तरी बाटली घेऊन देवलाच आला. "हे काम आता माह्यं हाये," तो म्हणाला. निकालासाठी तो दुकानाच्या पायरीवर थांबला, जेवला, झोपला, उठला.

(चोवीस तास. हे सर्वांत लांब होते.)

हुस्नाबानोने मला खिडकीत धरले. तळ स्वच्छ होता. तिने मला फिरवले. पलीकडचे खिडकीचे गज माझ्यातून सरळ दिसत होते.

ती हसली नाही.  हेच शून्य तिला एकदा फसवून गेले होते.

"देवलाबाबा, हे कोणाचं?"

"तिचंच, बाई."

"तुमच्या हातात दिलं?"

"हातात."

पुढचे तिने विचारले नाही. तीन महिने विचारून ती थकली होती. पण देवला या वेळी भिंतीकडे पाहत नव्हता.

"पाह्यलं," तो म्हणाला.

"काय?"

"तोंड. आंगनात आली, बाटली देल्ली, न सोताच घुंगट वर केला. म्हने, पाहून घ्या न बाईले सांगा." तो थांबला. "म्या पाह्यलं. सूज नाई. डोये मोठे हायेत." आणखी थांबला. "नाकापाशी एक तीय हाये तिले. चार साल झाले घरात. मले मालूमच नोह्तं."

हुस्नाबानोने वही उघडली. तोंड कोणी पाहिले, या रकान्यात लिहिले: देवला, सासरा. मग त्याच रकान्यात, बारीक अक्षरात: नाकाजवळ तीळ.

पडद्याआडून दिलावर म्हणाले, "पुढच्या बाजाराले घेऊन ये तिले. हिरव्या ठेवल्या हायेत म्या."

ती आली. हात दाबला तेव्हा खळगा पडला नाही. बांगड्या चढल्या. डझनभर काचा एका हातावर एकमेकींवर वाजत पायरी उतरून गेल्या. मी फळीवरून ऐकत होते.

रेघांच्या खाली

हे १९५९ साल आहे. हुस्नाबानोच्या टेबलावर आता एक लहान बाटली असते, तिच्यात कागदाच्या पट्ट्या. पट्टी लघवीत बुडवली की मिनिटभरात रंग बदलते. मला राग नाही. चतुराबाईच्या वेळी अशी पट्टी असती, तर तांड्यावर चोवीस तास कोणाला ओट्यावर बसावे लागले नसते. पण कोणाची, हे पट्टीलाही कळत नाही. ते विचारावेच लागते. वहीतले ते तीन रकाने अजून आहेत आणि आता क्रमांक दोनशे तेराचे पान चालू आहे.

दिलावर दोन वर्षांपूर्वी गेले. हुस्नाबानोने त्यांच्या बांगड्यांच्या एका डब्यात पेंढा घातला आणि मला त्यात आडवे ठेवले. उभे राहण्यासाठी घडवलेल्या वस्तूला आडवे पडून राहणे जड जाते. डब्यात आणखी कोणी नाही.

तर मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुम्ही कधी आजाऱ्याचा निरोप घेऊन दवाखान्यात गेलात, तर निघण्यापूर्वी त्याचे तोंड नीट पाहून जा. आणि कधी हा डबा तुमच्या हाती आला, तर मला काढा, कानाशी धरा आणि नखाने एक टिचकी मारा.

बऱ्याच दिवसांत कोणी वाजवून पाहिलेले नाही. पण मी साबूत आहे.